मुळ्याचा पाला : पिशवीपासून ताटापर्यंत

थंडीच्या दिवसांत मंडईत मुळे घ्यायला गेलात, की भाजीवाली मुळ्यांची जुडी हातात घेते आणि विचारते, “बाळा, पाला मोडून देऊ का?” आपण बहुधा मान हलवतो. कट्‌कन आवाज होतो, पांढरे मुळे तेवढे आपल्या पिशवीत येतात आणि हिरव्यागार पानांचा झुबका तिच्या मागच्या ढिगात जाऊन पडतो. संध्याकाळी तो ढीग जनावरांपुढे जातो, नाही तर कचऱ्याच्या गाडीत.

गंमत अशी, की पैसे आपण सबंध जुडीचे दिलेले असतात. जिच्यासाठी पैसे मोजले त्यातली एक चांगली पालेभाजी आपण आपल्या हाताने तेथेच टाकून येतो.

मुळ्याचा पाला खाण्याजोगा असतो हे आपल्याकडे नवीन नाही. पीठ पेरून त्याची भाजी करतात. कोवळी पाने असतील तर ती कच्चीच बारीक चिरून, वर दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि तेल घालून भाकरीबरोबर खातात. अशा कच्च्या पालेभाजीला कोठे पचडी म्हणतात, कोठे घोळाणा. इटलीत ‘रुकोला’ नावाची पाने अशीच कच्ची खातात. आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही ती महाग भावाने मिळू लागली आहेत. रुकोला, मुळा, मोहरी, अळीव, कोबी ही सारी एकाच कुळातली भावंडे. या कुळातील झाडांच्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि त्या क्रुसासारख्या मांडलेल्या असतात. मुळ्याच्या कोवळ्या पानाचा तो किंचित झोंबरा, मिरमिरणारा स्वाद आणि रुकोलाचा स्वाद यांत घराण्याचे साम्य आहे.

मग आपण पाला का टाकतो? कारणे दोन. पहिले, तो घरी आणल्यावर काही तासांत मलूल होतो. दुसरे, त्याचा स्वाद कधी फार उग्र लागतो, तर कधी अगदीच मिळमिळीत. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र आहे. ते एकदा समजले, की पाला कसा निवडावा, कसा ठेवावा आणि कसा खावा हे पाठ करावे लागत नाही. तुमचे तुम्हालाच सुचत जाते.

तोडलेले पान जिवंत असते

पान झाडापासून तोडले की ते मेले, असे आपल्याला वाटते. तसे नसते. तोडलेल्या पानाच्या पेशी कित्येक तास, थंडाव्यात तर कित्येक दिवस, जिवंत असतात. त्या श्वसन करतात, म्हणजे साठवलेली साखर व हवेतील ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. फरक एवढाच, की आता त्यांना मुळांकडून पाणी मिळत नाही. खर्च चालू आणि मिळकत बंद, अशी त्यांची स्थिती झालेली असते.

ताज्या पानात वजनाने सुमारे ९० टक्के पाणी असते. पानाची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने फुगवलेली एक लहानशी पिशवीच समजा. आतले पाणी पेशीच्या भित्तिकेवर दाब देते. ताज्या पानात हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो. सायकलची ट्यूब जशी हवेने ताठ राहते, तसे पान या पाण्याच्या दाबाने ताठ राहते. शंभर ग्रॅम पाल्यातून पाच-सहा ग्रॅम पाणी उडून गेले, तरी पेशींतील दाब उतरतो आणि पान माना टाकते. पाणी अजून ८५ ग्रॅम शिल्लक असते, पण ताठपणा गेलेला असतो.

आता एक प्रश्न विचारू. मुळा आणि पाला एकाच पिशवीतून घरी आले. मग पाला दोन तासांत का सुकला आणि मुळा दोन दिवस का टिकला?

उत्तरासाठी थोडे गणित करू. पानाची जाडी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ०.०३ सेंटिमीटर धरा. एक घन सेंटिमीटर आकारमानाचे पान घेतले तर त्याची एक बाजू सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर भरेल आणि दोन्ही बाजू मिळून ६७ चौरस सेंटिमीटर. आता ३ सेंटिमीटर व्यासाचा मुळा घ्या. दंडगोलाच्या सूत्राने पाहा : त्याच्या एका घन सेंटिमीटरच्या वाट्याला बाहेरचा पृष्ठभाग येतो फक्त १.३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच ऐवजासाठी पानाला हवेकडे उघडे असलेले अंग जवळजवळ ५० पट! ओले धोतर घडी करून ठेवले तर वाळत नाही आणि दोरीवर पसरले की वाळते. मुळा ही घडी आणि पाला हे पसरलेले धोतर.

बाजारात काय पाहावे?

सगळ्यात आधी वेळ. सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी घेतलेला पाला आणि दुपारी बारा वाजता उन्हातल्या टोपलीतून घेतलेला पाला यांत फार अंतर असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की पानाच्या श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. शिवाय तापलेली हवा पानातील पाणीही वेगाने शोषून घेते.

जुडी हातात घेतली की देठाकडे पाहा. देठ वाकवून सोडला तर तो उसळून परत यावा, किंवा कट्‌कन मोडावा. रबरासारखा वाकून तसाच राहिला, तर आतला दाब उतरला आहे असे समजावे. मग पानांचा रंग. मलूल पण हिरवे पान पुन्हा ताजे करता येते, पिवळे पडलेले पान मात्र कोणत्याही उपायाने हिरवे होत नाही. पिवळे होणे म्हणजे पानातील हरितद्रव्य मोडून गेलेले असणे, आणि तोडलेले पान ते नव्याने तयार करीत नाही.

कच्चे खायचे असेल तर झुबक्याच्या मधली कोवळी, हात-बोटाएवढी पाने निवडावीत. बाहेरची मोठी पाने जून असतात आणि त्यांच्यावर खरखरीत केस असतात. ती शिजवण्यासाठी चांगली. मुळ्याला फुलांचा दांडा आला असेल तर पाने फारच राठ होतात. त्या झाडाच्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, भाजी करावी हे उत्तम.

आणखी एक परीक्षा आहे. जुडीच्या पोटात बोटे घालून पाहा. पाने गच्च बांधून ढीग लावला की श्वसनाची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जुडी आतून कोमट लागते. अशा जुडीत मधली पाने आधी कुजतात. बाहेरून पाणी शिंपडलेले असल्यामुळे ती टवटवीत दिसते, पण आतला कोमटपणा लपत नाही.

भाजीवाली पाणी शिंपडते ते मात्र फसवण्यासाठीच, असे समजू नका. त्यात शास्त्र आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. एक किलो पाल्यावरून १० ग्रॅम पाणी उडाले आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता पाल्यातूनच घेतली गेली, तर ५,८०० कॅलरी निघून जातील आणि पाला जवळजवळ ६ अंशांनी थंड होईल. ओले गोणपाट झाकण्यामागेही हेच तत्त्व आहे. शिंपडलेले पाणी उडते तोवर पानाला स्वतःचे पाणी तितकेसे खर्चावे लागत नाही.

घरी आल्याबरोबर पहिले काम

पाला मोडून घेऊ नका असे मी म्हणालो, पण घरी आल्याबरोबर पहिले काम तेच करायचे! मुळा आणि पाला वेगळे करा. मुळ्याच्या माथ्यावर एक बोटभर देठ राहू द्या.

असे का? मुळा हे त्या झाडाचे पाण्याचे व अन्नाचे कोठार. पाला जोडलेला असेपर्यंत पानांतून पाणी उडत राहते आणि ते भरून काढण्यासाठी पाने मुळ्यातील पाणी ओढत राहतात. शेतात मुळा जमिनीतून पाणी घेऊन ही भरपाई करतो. आपल्या स्वयंपाकघराच्या टोपलीत त्याला पाणी कोण देणार? त्यामुळे पाला थोडा अधिक वेळ ताजा दिसतो, पण मुळा लुळा पडतो. पन्नासपट उघडे अंग असलेला भागीदार कोठार रिकामे करून टाकतो.

मग बाजारातच पाला मोडला तर काय बिघडले? काही बिघडत नाही, फक्त मोडलेला पाला पिशवीत घेऊन या.

ठेवावे कोठे आणि कसे?

पाला टिकवायचा तर दोन गोष्टी साधायच्या : श्वसन मंदावायचे आणि पाणी उडू द्यायचे नाही. फ्रीजमध्ये ठेवला की पहिली गोष्ट साधते. दुसरी आपोआप साधते का? उलट, उघडा ठेवलेला पाला फ्रीजमध्ये चांगलाच सुकतो.

हे कोडे हवेच्या आर्द्रतेचे आहे. हवेत किती वाफ मावते हे तापमानावर अवलंबून असते. ३० अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, ५ अंशांना सुमारे ७ ग्रॅम, तर शून्याखाली ५ अंशांना साडेतीन ग्रॅमहूनही कमी. फ्रीजमधील हवा त्याच्या अतिथंड भागाला स्पर्श करते तेव्हा तिच्यातील जास्तीची वाफ तेथे गोठून बसते. ती हवा परत फिरून पाल्याजवळ येते आणि ५ अंशांपर्यंत गरम होते. आता तिच्यात ७ ग्रॅम वाफ मावू शकते, पण जवळ आहे साडेतीन ग्रॅमच्या आत. म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याखाली! अशी तहानलेली हवा पानांतून पाणी काढून घेते.

यावर उपाय म्हणजे पानांभोवती त्यांची स्वतःची ओलसर हवा अडवून ठेवणे. म्हणून पाला पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवायचा. पण येथेही एक खाचखळगा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. एकदा मोठ्या हौसेने पाला धुऊन, तसाच निथळत असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला आणि पिशवीला घट्ट गाठ मारली. पाणी उडणार नाही, मग पाला सुकेलच कसा, असा माझा हिशोब. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर आत हिरवा बुळबुळीत चिखल आणि नाक मुठीत धरावे असा वास. वर्गात दवबिंदू शिकवणारा मनुष्य दवबिंदू विसरला होता! पिशवीतील हवा संपृक्त होती. फ्रीजचे दार उघडले-मिटले की तापमान खालीवर होई आणि पानांवर पाणी जमे. पानावर पाण्याचा थर असला की जिवाणूंना आणि बुरशीला आयतेच घर मिळते. शिवाय गाठ मारल्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडला आणि पेशी गुदमरल्या.

म्हणून मधला मार्ग घ्यावा. पाला न धुता, खराब पाने काढून, कोरड्या किंवा किंचित दमट सुती फडक्यात सैलसर गुंडाळावा. तो पिशवीत ठेवून तिचे तोंड नुसते दुमडावे, गाठ मारू नये. हवा दमट राहते, जमलेले थेंब फडके टिपून घेते आणि थोडी हवा आतबाहेर होते. असा पाला दोन-तीन दिवस उत्तम राहतो. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला मात्र तो टेकू देऊ नका. पेशींतील पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणे फाडतात. असे पान वितळल्यावर काचेसारखे पारदर्शक आणि लिबलिबीत होते.

घरात फ्रीज नसेल तर? मातीचे एक पसरट भांडे घ्या, त्यात वाळू पसरून ती ओली करा, वाळूवर दुसरे लहान भांडे ठेवा आणि त्यात पाला ठेवून वर ओले फडके झाका. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे भांडे गार राहते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून, विजेशिवाय चालणारी भाजीची थंड कोठी तयार केली, तिचे तत्त्वही हेच. हवा कोरडी असेल तितका हा उपाय गुणकारी. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात तो चांगला चालतो. कोकणात पावसाळी हवा आधीच वाफेने भरलेली असते, तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आणि पाला मलूल झालाच तर लगेच टाकू नका. देठांची टोके नव्याने कापा आणि अर्धा तास थंड पाण्यात बुडवून ठेवा. पेशींच्या आतील द्रावण बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असते, म्हणून परासरणाने पाणी आत शिरते, दाब चढतो आणि पाने पुन्हा माना वर करतात. पेशींची आवरणे शाबूत असली तरच हे घडते. म्हणूनच पाला उभारी धरतो की नाही, ही तो जिवंत आहे की नाही याचीही परीक्षा आहे.

धुणे : येथे हयगय नको

पाला कच्चा खाणार असाल तर हा भाग नीट वाचा. मोठ्या शहरांच्या आसपास काही ठिकाणी पालेभाज्या नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या पाण्यावर पिकवल्या जातात. अशा पाण्यातून जंतांची अंडी आणि विषमज्वर, आमांश, कावीळ यांसारख्या रोगांचे जंतू पानांवर येऊ शकतात. पन्नासपट पृष्ठभाग येथेही आडवा येतो : तेवढ्या वजनाच्या मुळ्यापेक्षा पाल्यावर माती आणि जंतू बसायला कितीतरी जास्त जागा. त्यात मुळ्याच्या पानावर केस. शिवाय मुळ्याची साल काढता येते, पानाला साल नाही.

धुण्याची रीत अशी. मोठे पातेले पाण्याने भरा, त्यात पाला बुडवून हाताने हलवा आणि दोन-तीन मिनिटे स्वस्थ ठेवा. मातीचे कण पाण्याहून जड, ते तळाशी बसतात. पाने तरंगतात. आता पातेले चाळणीत उपडे करू नका. तसे केले तर तळाची माती पुन्हा पानांवरच येऊन बसते. पाने हाताने वर उचलून घ्या, पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्यात पुन्हा तेच करा. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत, निदान तीन वेळा. शेवटी वाहत्या, पिण्याच्या पाण्याखाली एकेक पान धरा.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. धुण्याने जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत. मिठाच्या पाण्यानेही ते सगळे मरत नाहीत. म्हणून पाला कोणत्या पाण्यावर वाढला हे ठाऊक असेल, घरच्या परसातला किंवा माहितीच्या शेतकऱ्याचा असेल, तरच तो कच्चा खावा. खात्री नसेल तर, आणि पावसाळ्यात तर विशेषकरून, शिजवूनच खावा. उकळत्या पाण्याच्या तापमानापुढे हे जंतू व ही अंडी टिकत नाहीत.

तिखटपणा पानात नसतोच!

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. मुळ्याचे अखंड पान नाकाशी धरा. झोंबरा वास येत नाही. तेच पान चावा किंवा चुरगळा, की झणका येतो. याचा अर्थ काय? अखंड पानात तो झणका तयारच नसतो! पान मोडते तेव्हा तो जन्माला येतो.

मोहरीच्या कुळातील झाडांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधक असलेली संयुगे साठवलेली असतात. ती स्वतः तिखट नसतात. त्यांच्यापासून अलग, वेगळ्या कप्प्यांत मायरोसिनेज नावाचे विकर असते. पान शाबूत असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. दाताखाली किंवा सुरीखाली पेशी फुटल्या की दोघे एकत्र येतात. विकर त्या संयुगाचे तुकडे करते आणि आयसोथायोसायनेट हे झोंबरे द्रव्य तयार होते. फटाक्याची दारू आणि काडी वेगवेगळ्या खणांत ठेवावी, तशी झाडाने केलेली ही व्यवस्था आहे. पान कुरतडणारा किडा स्वतःच काडी ओढतो! मोहरीत असे विकर असते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्युसी याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले.

पण निसर्गात कुलपाला किल्ली सापडतेच. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या या द्रव्याला मुळीच भीत नाहीत. १९१० साली हॉलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फेरशाफेल्ट याने एरवी या अळ्या तोंड लावीत नाहीत अशा पानांना मोहरी कुळातील झाडाचा रस फासला, तर अळ्यांनी ती पाने खाल्ली. इतरांना दूर ठेवणारी खूण त्यांना जेवणाचे आमंत्रण वाटते. आपणही त्यांच्याच पंक्तीला बसतो, नाही का?

आपल्या स्वयंपाकघरात या रसायनाचा पुरावा रोज मिळतो. लोणच्यासाठी मोहरी गार पाण्यात फेसली की ती नाकात जाते. तीच मोहरी तापलेल्या तेलात फोडणीला टाकली की तडतडते, पण झोंबत नाही. विकर हे प्रथिन आहे आणि उष्णतेने ते निकामी होते. फेसताना विकर जिवंत असते, फोडणीत ते काम करण्याआधीच मरते.

हा झणका आणि मिरचीचा तिखटपणा हेही वेगळे. मिरचीतील कॅप्सायसिन उडून जात नाही. ते जिभेवर ठाण मांडून बसते आणि जळजळ बराच वेळ राहते. मोहरी-मुळ्याचे द्रव्य उडणारे आहे. ते वाफ होऊन घशामागून नाकात शिरते, क्षणभर झिणझिण्या आणते आणि जाते. शरीरातील त्यांची दारेही निराळी. कॅप्सायसिन ज्या ग्राहक-प्रथिनाला चेतवते ते अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले. मोहरीचे झोंबरे द्रव्य दुसऱ्याच एका ग्राहकाला चेतवते, हे त्याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवले. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधाबद्दल ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ताटात

एवढे कळल्यावर स्वयंपाकघरातील नियम तुम्हीच सांगू शकाल. पाला झणझणीत हवा असेल तर तो बारीक चिरा : जितक्या पेशी फुटतील तितका झणका जास्त. सौम्य हवा असेल तर हाताने मोठे तुकडे तोडा. चिरून तासभर ठेवू नका, कारण झोंबरे द्रव्य उडून जाते आणि ‘क’ जीवनसत्त्वही हवेने घटत जाते.

शिजवताना पाने अखंड उकळत्या पाण्यात टाकली तर विकर आधी मरते आणि भाजी सौम्य होते. आधी चिरून दहा मिनिटे ठेवली आणि मग शिजवली तर थोडा झणका उरतो. उकळलेले पाणी फेकू नका. त्यात विरघळलेले क्षार आणि ‘क’ जीवनसत्त्व असते. ते आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घाला.

कच्च्या पाल्यात मीठ आणि लिंबू अगदी वाढतेवेळी घालावे. मीठ लागले की परासरण उलट्या दिशेने सुरू होते. पानातले पाणी बाहेर येते आणि पाने बसतात. लिंबाच्या आम्लाने हरितद्रव्य बदलते व रंग मळकट होतो. पण म्हणून लिंबू टाळू नका. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. दाण्याचे कूट आणि चमचाभर तेल हेही नुसते चवीसाठी नाही. पानातील कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. घोळाण्याची कृती ज्या कोणी प्रथम बसवली, त्या बाईने रसायनशास्त्र शिकलेले नव्हते, पण तिचा हिशोब बरोबर होता.

करून पाहा

१. मुळ्याच्या पाल्याच्या सारख्या वजनाच्या तीन जुड्या करा. एक उघडी ठेवा, एक दमट फडक्यात गुंडाळा, एक फडक्यासह पिशवीत तोंड दुमडून ठेवा. तिन्ही सावलीत एकाच ठिकाणी ठेवा आणि दर तासाला तराजूवर वजन करा. (फडक्यातून आणि पिशवीतून बाहेर काढून, बरे का! पानांवर पाणी दिसले तर आधी टिपून घ्या.) वेळ आणि वजन यांचा आलेख काढा. कोणती रेषा सर्वांत वेगाने खाली येते? वजन किती टक्के घटल्यावर पाने माना टाकतात?

२. दोन सारखी कोवळी पाने स्वच्छ धुऊन घ्या. त्यांतील एक मोठ्या माणसाच्या मदतीने मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढा व थंड होऊ द्या. दोन्ही चावून चव ताडून पाहा. मग कच्चे पान नाक चिमटीत धरून चावा आणि मध्येच नाक सोडा.

३. ताटलीत ओला कापूस पसरून त्यावर चमचाभर अळीव विरळ पेरा आणि पिण्याच्या पाण्याने ओले ठेवा. आठवड्याभरात हिरवी रोपे उभी राहतील. इंग्लंडमध्ये अळिवाची अशी कोवळी रोपे मोहरीच्या रोपांबरोबर पावाच्या तुकड्यांमध्ये घालून खातात. आपल्याकडे अळिवाचा लाडूच ठाऊक. रोपे कात्रीने कापा, धुवा आणि चव घ्या. लाडवात कधी न जाणवलेला झणका येथे का जाणवतो, याचे उत्तर या लेखात आहे. ते शोधा आणि वहीत लिहा.

पुढच्या खेपेस मंडईत गेलात आणि भाजीवालीने विचारले, “पाला मोडून देऊ का?” तर म्हणा, “मोडा, मावशी, पण पिशवीत टाका.”